फरशीच्या खालची फरशी: पुण्याची न्हाणी कडीपाटावरून स्लॅबवर कशी आली

आजचा भाग जमिनीबद्दल आहे. सातबाऱ्यावरची जमीन नाही, पायाखालची. आणि त्यातही बाथरूमची. हसू नका, पंधरा मिनिटं द्या.

विषय सुचला तो एका व्हिडिओ कॉलमुळे. आमच्या टीममधला एक सीनियर आता न्यू जर्सीत असतो. त्याने घरातलं बाथरूम उखडलं होतं आणि फोन फिरवून आम्हाला दाखवत होता. फरशी काढली, तर खाली काय? प्लायवूड. त्याखाली लाकडी कड्या आणि त्याखाली थेट खालच्या मजल्यावरचा हॉल. इकडे पुण्यात आमच्या मीटिंग रूममध्ये एकच हशा. "अरे, प्लायवर बाथरूम? एका पावसाळ्यात खाली येईल ते!"

मला मात्र प्रश्न पडला की हसणारे आपण कोण? हे गाव शतकानुशतकं लाकडी मजल्यांवर राहिलंय. पेठांमधले कितीतरी वाडे आजही तसेच उभे आहेत. मग लाकडावर पाणी सांडायची आपल्याला एवढी भीती कधीपासून वाटायला लागली? त्यामागे एक खरा इतिहास आहे.

आधी त्या अमेरिकन प्लायचं काय करायचं असतं ते बघू, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवलेले, पण प्रत्येक थराचे रेषे आधीच्या थराला काटकोनात. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने जास्त फुगतं. काटकोनात चिकटवलं की एक थर दुसऱ्याला धरून ठेवतो, म्हणून फळीसारखं ते वाकडं होत नाही. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १८६५ साली जॉन मेयो नावाच्या माणसाने याचं पेटंट घेतलं होतं. पण घराच्या जमिनीसाठी तिथे प्लाय सर्रास वापरात आलं ते विसाव्या शतकात.

आता यावर टाइल्स लावायच्या तर दोन प्रश्न. पहिला, जमीन लवते किती? आपण चाललो की कडी किंचित वाकते. लाकडाला त्याचं काही वाटत नाही, टाइल मात्र वाकत नाही, ती तडकते. म्हणून तिकडचा नियम असा की कडीच्या लांबीला ३६० ने भागा, त्यापेक्षा जास्त लवता कामा नये. बारा फुटांची कडी असेल तर १४४ इंच भागिले ३६०, म्हणजे ०.४ इंच, जेमतेम एक सेंटीमीटर. नैसर्गिक दगड लावायचा असेल तर ७२० ने भागतात, म्हणजे त्याच्याही निम्मं.

दुसरा प्रश्न, जमीन सपाट आहे का? इथे दोन शब्द वेगळे ठेवा, कारण आपण बोलताना त्यांची खिचडी करतो. सपाट म्हणजे खड्डे-उंचवटे नसलेली. लेव्हलमध्ये म्हणजे क्षितिजाला समांतर. टेकडीचा उतारही सपाट असू शकतो! टाइलला सपाटपणा लागतो. मोठ्या टाइल्ससाठी दहा फुटांत एक अष्टमांश इंचापेक्षा जास्त चढउतार चालत नाही. मग तो मित्र काय करतो? कमोडभोवतीचा प्लाय स्क्रूड्रायव्हरने टोचून बघतो, कारण सडायला सुरुवात तिथूनच होते. सडलेला तुकडा कापून नवा बसवतो. दर सहा-आठ इंचांवर स्क्रू मारतो, म्हणजे जमीन करकरत नाही. दोन पत्र्यांच्या मध्ये बारीक फट ठेवतो, फुगायला जागा म्हणून. उंचवटे घासतो आणि खोलगट जागी आपोआप पसरणारं सिमेंटचं पातळ मिश्रण ओततो. त्याआधी प्रायमर, नाहीतर कोरडा प्लाय त्यातलं पाणी शोषून घेतो. वर सिमेंटचा बोर्ड किंवा पाणी अडवणारा पडदा, आणि मग टाइल.

आता चला, पेठेत.

वाड्याचा वरचा मजला कसा असायचा? खालून वर जाऊ. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या. या सगळ्याला मिळून कडीपाट. खालच्या खोलीत झोपून वर बघितलं की दिसतो तो. त्या फळ्यांवर मातीचा जाड थर, चोपून घट्ट केलेला, आणि वर शेणाचं सारवण. ऐपतदार घरात चुन्याचा कोबा.

म्हणजे बघा, कडी, वर पत्रा किंवा फळी, वर सपाट करणारा थर आणि सगळ्यात वर रोजचा वापर झेलणारा थर. न्यू जर्सीतल्या बाथरूमचं आणि सदाशिव पेठेतल्या माडीचं आर्किटेक्चर एकच! आपल्या भाषेत बोलायचं तर इंटरफेस तोच, इम्प्लिमेंटेशन वेगळं. हाताने कापलेल्या फळ्या कधीच एका जाडीच्या नसतात. कुठे अर्धा बोट वर, कुठे खाली. माती ते सगळे दोष पोटात घालायची. ओतायच्या लेव्हलिंग मिश्रणाचं काम आपल्याकडे माती आणि ती सारवणारे हात करत होते. आणि हे 'मेंटेनन्स' दर आठवड्याला व्हायचं. बहुतेक वेळा बायकांच्या कमरेच्या जोरावर, हेही सांगायला हवं.

लेव्हल बघायचं साधन काय? पाणसळ. शब्द नीट ऐका, त्यात पाणी आहे. साचलेलं पाणी स्वतःहून समांतर होतं, एवढ्या एकाच गोष्टीवर ते साधन उभं आहे. आजही साइटवर गवंडी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी दोन टोकांना धरतात आणि भिंतीवर खुणा करतात. हिरव्या रेषेचं लेझर आलंय खरं, पण बॅटरी संपली की नळी बाहेर निघते.

माती जड किती असते याचा हिशोब मी सहज करून बघितला. दहा सेंटीमीटर, म्हणजे चार इंचांचा थर धरा. चोपलेल्या मातीचं वजन घनमीटरला सोळाशे किलोच्या आसपास. म्हणजे दर चौरस मीटरला १६० किलो. शंभर चौरस फुटांच्या खोलीत साधारण दीड टन, आणि हे माती कोरडी असताना. हा दीड टन लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

आता मुख्य मुद्दा. एवढ्या लाकडी मजल्यांवर पेशवाईतली माणसं अंघोळ करायची कुठे? बहुतेक करून खालीच. न्हाणी म्हणजे तळमजल्यावर, विहिरीच्या किंवा हौदाच्या जवळ, दगडी फरसबंदीवर. शनिवारवाड्याचंच उदाहरण घ्या. १० जानेवारी १७३० ला पायाभरणी, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत. सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीकडून आणल्याचं सांगतात. १८२८ च्या आगीत वरचं सगळं लाकूडकाम गेलं. आज आपण तिकीट काढून आत जातो तेव्हा जे दिसतं ते न जळणारं: दगडी जोती, हौद, कारंजी. ओलं काम दगडावर आणि कोरडं काम लाकडावर, ही विभागणी ते अवशेष बघताना डोळ्यांसमोर येते.

आणि पाणी येत होतं ते मोजकं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावापासून जमिनीखालच्या नळातून शहरात पाणी आणलं गेलं. ते वाटेतल्या हौदांमध्ये पडायचं. हौदापासून घरापर्यंत माणसाच्या खांद्यावर किंवा डोक्यावर. माडीवर अंघोळ करायची तर प्रत्येक घागर जिना चढवायला लागणार. कोण करेल? बंब तापवा, घंगाळात पाणी काढा, खालच्या दगडावर बसा आणि तांब्याने अंघोळ करा. एका माणसाला बादली-दीड बादली पाणी पुरे. कडीपाट सुरक्षित राहिला याचं श्रेय सुताराइतकंच जिन्यालाही आहे.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते दोन गोष्टी एकत्र आल्या. एक, नळ. खडकवासल्याचं धरण १८७० च्या दशकाच्या शेवटी तयार झालं आणि पुढच्या काळात नळाचं पाणी हळूहळू घराघरांत शिरलं. दुसरी, बिऱ्हाडं. एका घराण्यासाठी बांधलेल्या वाड्यात भाडेकरू आले. दोन खोल्यांत एक कुटुंब, आणि प्रत्येक कुटुंबाला स्वतःची मोरी हवी. तीसुद्धा माडीवर, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. चार बोटं उंचीचा कठडा, आत शहाबादी फरशी, एका कोपऱ्यात भोक आणि भिंतीबाहेर उतरणारा पाइप. तिथेच भांडी, तिथेच कपडे, पडदा ओढून तिथेच अंघोळ.

शहाबादी फरशीबद्दल दोन वाक्यं. ही आपल्याकडे आली आगगाडीमुळे. शहाबाद आजच्या कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात, मुंबई-पुणे-सोलापूर-रायचूर या मार्गावर. हा लोहमार्ग १८७१ पर्यंत रायचूरला पोचला आणि करडा चुनखडी दगड वाघिणीतून थेट पुण्यात उतरवणं शक्य झालं. दगड एक नंबर. पण सगळी मेख सांध्यांमध्ये असते.

कारण ३६० चा नियम आठवा. लवणाऱ्या कड्यांवर ताठ दगड बसवला की दगड तुटत नाही, पण दोन दगडांमधला चुना किंवा सिमेंट फाटतं. केसाएवढी चीर. त्या चिरेतून रोज पाणी खाली मातीत. माती स्पंजसारखी, ती पाणी धरून ठेवते, आणि खालच्या फळ्या वर्षानुवर्षं ओल्या. लाकडाचं गणित सरळ आहे. त्यातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी त्याला खाऊ शकत नाही. ३० च्या आसपास गेला की मेजवानी. सागवान चिवट, म्हणून ते दहा-वीस वर्षं खेचतं. सडतं कुठे? मधे नाही, टोकाला. कडीचं टोक भिंतीत गाडलेलं असतं, तिथे वारा लागत नाही आणि ओल सुकत नाही. वरून सगळं ठणठणीत दिसतं, खालून कडी धडधाकट दिसते, आणि भिंतीच्या आत तिचा भुगा झालेला असतो. पावसाळ्यात पेठांमध्ये वाड्याचा भाग कोसळल्याची बातमी आपण दर वर्षी वाचतो. प्रत्येक वेळी कारण मोरी नसतं. गळकं छप्पर असतं, मातीची भिंत असते. पण मोरीखालचा कोपरा हा जुन्या वाड्यातला संशयित नंबर एक, हे पेठेतला कुठलाही म्हातारा सुतार तुम्हाला सांगेल.

दुरुस्ती का नाही केली, असं विचाराल. इथे गोष्ट लाकडाची राहत नाही, पैशाची होते. मुंबई राज्याचा १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला. त्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. भाडेकरूला छप्पर मिळालं, आणि त्या काळात ते गरजेचंच होतं. पण महिन्याला दहा-पंधरा रुपये भाडं मिळणारा मालक मोरी उखडून कड्या बदलणार कशाला? आणि जागा आपली नाही तर भाडेकरू तरी खर्च का करेल? दोघेही आपापल्या जागी बरोबर. मधल्यामध्ये कडी सडत राहिली. हा कायदा बदलून महाराष्ट्राचा नवा भाडेनियंत्रण कायदा लागू झाला तो थेट २००० साली. म्हणजे मधे अर्धशतक गेलं. एवढ्या काळात एखादी मोरी काय काय करू शकते, तुम्हीच विचार करा.

यात आली १२ जुलै १९६१ ची सकाळ. पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचं धरणही फोडलं आणि मुठेकाठच्या पेठांमध्ये पाणी घुसलं. शनिवार, नारायण, कसबा. मातीत बांधलेल्या भिंती तासन्‌तास पाण्यात उभ्या राहिल्यावर विरघळल्या आणि वरचा कडीपाट खाली बसला. त्यात माणसं गेली, घरं गेली, कागदपत्रं गेली. पुण्यात वयाची सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, ते "पुराआधी" आणि "पुरानंतर" असंच बोलतात. गोखलेनगरसारख्या पूरग्रस्त वसाहती त्यानंतरच्या.

लाकूड-मातीवरचा पुणेकरांचा विश्वास त्या दिवशी उडाला, असं मला वाटतं. सिमेंट इथे नवीन नव्हतं. १९१४ साली पोरबंदरला कारखाना सुरू झाला होता. स्वदेशीच्या वातावरणात मुंबईत १९२२ ला भारत टाइल्स उभी राहिली. डेक्कन जिमखान्यावरच्या जुन्या बंगल्यांत नक्षीच्या सिमेंट टाइल्स तुम्ही पाहिल्या असतीलच. पण लोखंडी सळ्यांचा स्लॅब ही सामान्य माणसाची गोष्ट झाली ती साठच्या दशकात आणि नंतर. कायद्याच्या तारखाही बघा. १९६० ला महाराष्ट्राचा सहकारी संस्थांचा कायदा, १९६१ ला पूर, १९६३ ला फ्लॅटमालकीचा कायदा. चार वर्षांत सगळा नकाशा बदलला. आता माझ्या बाथरूमखाली तुमचं बाथरूम. मालक-भाडेकरू नाही, दोघेही मालक.

स्लॅब लवत नाही असं नाही, पण कडीपाटापेक्षा कितीतरी कमी लवतो. म्हणजे पहिला प्रश्न जवळपास सुटला. सपाटपणाचं मात्र आपण काहीतरी भलतंच केलं, आणि ते मला फार आवडतं. बाथरूमच्या जागी स्लॅबच नऊ इंच ते फूटभर खाली ढकलला, सनकन स्लॅब. त्या खड्ड्यात संडासाचे आणि सांडपाण्याचे पाइप टाकायचे आणि मग तो कोब्याने भरायचा. विटांचे तुकडे मसाल्यात बसवायचे, वरून मसाला ओतायचा आणि हे सगळं उतार देऊन. वाड्याच्या गच्चीवरच्या चुन्याच्या कोब्याचाच हा सिमेंटमधला चुलतभाऊ. जुने लोक चुन्यात गूळ, हिरडा आणि बेलफळाचा गर घालायचे. आता डब्यातलं वॉटरप्रूफिंग केमिकल घालतात.

आता तो दीड टन. पाच बाय आठ फुटांचं बाथरूम, नऊ इंच भरणी. तीस घनफूट झाले, म्हणजे साधारण ०.८५ घनमीटर. कोब्याचं वजन घनमीटरला अठराशे किलो धरलं तर दीड टन! वाड्यातल्या अख्ख्या खोलीची माती जेवढी, तेवढं वजन आपण एका बाथरूमच्या पोटात भरून ठेवलंय. आणि मातीसारखंच, आत पाणी शिरलं की हा कोबाही ते धरून ठेवतो. वरच्या मजल्यावरचं कुटुंब महिनाभर गावाला गेलेलं असतं आणि खालच्या छताला तरीही थेंब येत असतो, त्याचं कारण अनेकदा हेच. साठलेलं पाणी सावकाश उतरत असतं.

उताराचं काय? न्यू जर्सीच्या मित्राला बाथरूमची जमीन लेव्हलमध्येच हवी होती. उतार फक्त शॉवरच्या चौकोनात, फुटाला पाव इंच. कारण त्यांचं बाथरूम कोरडं असतं. पायपुसणं टाकतात, कधीकधी चक्क गालिचा. आपलं बाथरूम म्हणजे अजूनही न्हाणीच. बादली ओततो, दारापर्यंत पाणी उडवतो, रविवारी खराटा घेऊन अख्खी फरशी धुतो. घंगाळ गेलं, गिझर आला, पण अंगावर तांब्या ओतायची सवय मगाने पुढे चालवली. म्हणून आपल्याला सगळ्या जमिनीला उतार लागतो, मीटरला एक ते दोन सेंटीमीटर. आणि हा उतार द्यायचा कोब्यात, टाइलच्या मसाल्यात नाही. वरची टाइल फक्त तो उतार गिरवते. खाली कोबा सपाट आणि वर टाइलला उतार असेल, तर सांध्यांतून झिरपलेलं पाणी खाली साचून राहतं. डोळ्यांना उतार दिसतो, पण पाण्याला तो मिळत नाही.

माझी खरी तक्रार आजच्या 'दोन दिवसांत नवं बाथरूम' प्रकारावर आहे. जुन्या टाइलवर केमिकल लावून नवी चिकटवायची. दिसायला झकास. सोय म्हणूनही ठीक, पण खाली आधीच गळत असेल तर हा मोरीवरचा नवा पडदा झाला. निदान चिकटवण्याआधी जुन्या टाइल्सवर नाणं वाजवून बघा. 'ठक' आलं तर ठीक, 'ढब' आलं तर खाली पोकळ आहे. आणि मजुरीचा विचार करा. दीड टन कोबा फोडून, गोण्यांत भरून, चार मजले उतरवणारा माणूस दिवसाची हजेरी घेतो. कंत्राटदाराला तो टाळायचा असतो आणि आपल्याला आवाज टाळायचा असतो.

घर नवं घेत असाल तर एक गोष्ट विचारा. कोबा झाल्यावर, टाइल लावायच्या आधी, खड्ड्यात पाणी तुंबवून ठेवलं होतं का? निदान अठ्ठेचाळीस तास, बहात्तर असतील तर उत्तम. पातळीची खूण भिंतीवर करायची आणि खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन छत बघायचं. पाणसळीचंच तत्त्व, फक्त या वेळी पाणी लेव्हल दाखवत नाही, चीर दाखवतं. टाइल लागल्यावर चीर शोधायची म्हणजे सगळं परत उखडायचं.

आणि गळतीच्या भांडणात सापडला असाल तर सोसायटीच्या आदर्श उपविधींची ढोबळ विभागणी अशी: पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती दुरुस्त करायचा खर्च सोसायटीचा, फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूममुळे होणारी गळती त्या सभासदाच्या खर्चाने. वाड्यात मालक आणि भाडेकरू एकमेकांकडे बोट दाखवायचे, इथे निदान कागदावर उत्तर आहे. पण ओल नक्की कुठल्या पाइपची हे ठरवायला कुणीतरी कोबा फोडायलाच लागतो, आणि पहिला घाव कुणाच्या बाथरूममध्ये घालायचा यावर सभा तीन तास चालते.